ब्लूज माउथ ऑर्गनचा पाया कोणाचा? सनी बॉय की लिटल वॉल्टर?

रानवारा
ब्लूजमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतल्या, माउथ ऑर्गनचा विषय निघाला की सगळे थेट शिकागोच्या लिटल वॉल्टरवर येतात. माझं ठाम मत आहे की पाया जॉन ली 'सनी बॉय' विल्यमसनने घातला. जन्म १९१४, टेनेसीतल्या जॅक्सनजवळ. ५ मे १९३७ ला इलिनॉयमधल्या अरोरा गावी पहिलं रेकॉर्डिंग, आणि 'गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल' त्याच दिवसाचं. त्याआधी हे वाद्य एकतर बँडमध्ये साथीला, नाहीतर आगगाडीचा आवाज काढून दाखवायला. सनी बॉय ओळ गातो आणि शेवटचा शब्द सुटतो न सुटतो तोच वाद्य उत्तर देतं. गाणारा आणि वाजवणारा एकच, हे ऐकताना खरं वाटत नाही.

तिसरी पट्टी
नाही पटलं. सनी बॉयने स्वतःच्या गाण्याला साथ केली, उत्तमच केली. पण वॉल्टरचं १९५२ चं 'ज्यूक' ऐका. एक शब्द गायलेला नाही, तरी 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिला नंबर! माइक आणि वाद्य एकाच मुठीत धरून, अ‍ॅम्प्लिफायरमधून वॉल्टरने जो भरदार आवाज काढला, तो आधी कुणी काढला होता?

रानवारा
वॉल्टरचीच १९४७ ची 'ओरा नेल ब्लूज' लावा. त्यात पानोपानी सनी बॉय आहे. अ‍ॅम्प्लिफायर नंतर आला हो.

पेटीवाला
तुम्ही दोघंही उशिरा सुरुवात करताय. मुळात खुबी काय, तर सी पट्टीचं वाद्य घेऊन जी मध्ये वाजवायचं. मग महत्त्वाचे सूर श्वास आत ओढताना येतात, आणि ओढलेला सूर जिभेने खाली वाकवता येतो. तिसऱ्या भोकातला शुद्ध गंधार असा कोमलपर्यंत उतरतो. पेटीवर मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने ती कित्येक वर्षं बंद ठेवली होती. इथे तशाच धातूच्या रीडमधून मींड निघते! पण हे १९२० च्या दशकातल्या रेकॉर्डमध्ये आहेच. आणि रानवारा, आगगाडीला इतकं हलक्यात घेऊ नका. डीफोर्ड बेलीचं १९२७ चं 'पॅन अमेरिकन ब्लूज' नक्कल नाही, ती पूर्ण रचना आहे. हा कृष्णवर्णीय कलावंत नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा लाडका होता. १९४१ मध्ये त्याला काढलं, पुढे बुटांना पॉलिश करून पोट भरलं. पाया म्हणायचं तर त्याला म्हणा.

रानवारा
बेलीबद्दल मान्य, त्याच्यावर अन्यायच झाला. पण शिकागोत पुढे जे वाजलं ते बेलीकडून आलं नाही. १९४८ मध्ये बिली बॉय अरनॉल्ड नावाचा बारा वर्षांचा मुलगा सनी बॉयचं दार ठोठावून सूर कसा वाकवायचा ते विचारायला गेला. त्यानेही आत घेऊन दाखवलं. पुढच्या वेळी मुलगा गेला तेव्हा कळलं, १ जूनला कार्यक्रमाहून परतताना सनी बॉयला लुटून मारलं. वय ३४. तोच मुलगा १९५५ मध्ये गायक-गिटारवादक बो डिडलीच्या पहिल्या रेकॉर्डवर वाजवतोय. आणि राइस मिलर हा दुसरा माउथ ऑर्गनवाला तर सनी बॉय हयात असतानाच त्याचं नाव लावून आर्कान्सातल्या हेलेनाच्या रेडिओवर वाजवत होता. उगाच?

तिसरी पट्टी
नाव चालत होतं म्हणून मिलरने लावलं. त्यातून लोकप्रियता सिद्ध होते, बाकी काही नाही. शिष्य मात्र मान्य. तरी माझा प्रश्न तसाच आहे: 'ज्यूक'मधली ती लांबलचक, न गाता बोलणारी वळणं सनी बॉयच्या कोणत्या रेकॉर्डमध्ये आहेत? एक नाव सांगा, आज रात्रीच ऐकतो.