दापोलीचे एनए प्लॉट विकायचेत, जाहिरात नक्की कुठे करू? फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब की लिंक्डइन?

हर्णै_रोड
नमस्कार मंडळी. मी दापोलीत प्रॉपर्टी एजंट आहे, महारेराचं (घर-जमिनीच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) रजिस्ट्रेशन आहे, ती एजंटची परीक्षा पण दिलीय. कर्दे, मुरुड, हर्णै या पट्ट्यातले एनए (बिगरशेती) प्लॉट आणि अधूनमधून एखादा तयार बंगला असं माझं काम. आत्तापर्यंत सगळा धंदा ओळखीवर आणि नाक्यावरच्या बॅनरवर चालला, पण बॅनर बघणारा माणूस आधीच दापोलीत आलेला असतो आणि त्याला मासे खायची घाई असते, माझं खरं गिऱ्हाईक बसलंय ठाणे, डोंबिवली, पुण्यात.

गेल्या वर्षी एका एजन्सीला २० हजार दिले, त्यांनी महिन्याने १४० नावांची एक्सेल शीट पाठवली. निम्म्या लोकांनी फोनच उचलला नाही, बाकीच्यातल्या बऱ्याच जणांना आपण फॉर्म भरलाय हेच आठवत नव्हतं, एकाने तर विचारलं रूम एसी आहे का, त्याला वाटलं होतं हॉटेल आहे. साइट व्हिजिट ३, विक्री शून्य.

आता स्वतःच करायचं ठरवलंय, महिन्याला १५ हजार काढू शकतो. भाचा म्हणतो मामा फक्त इन्स्टा रील, एक बिल्डर मित्र म्हणतो पैसेवाले सगळे लिंक्डइनवर असतात, यूट्यूबवर एक अमेरिकन कोर्स बघितला तर तो म्हणतो आधी हाऊसिंग कॅटेगरी निवडा नाहीतर अकाउंट बंद होईल. डोकं गरगरायला लागलंय. कोणी केलं असेल तर सांगा.

सिडको_नाशिक
दादा, पहिली गोष्ट म्हणजे फेसबुक की इन्स्टा हा प्रश्नच नाही. दोन्ही मेटाचंच, एकाच अ‍ॅड्स मॅनेजरमधून दोन्हीकडे जाहिरात जाते आणि पैसे कुठे जास्त लावायचे ते बऱ्यापैकी तेच ठरवतं. फक्त ते निळं बूस्टचं बटण दाबत बसू नका. आणि प्लेसमेंटमध्ये, म्हणजे जाहिरात कुठे दिसावी त्या यादीत, ऑडियन्स नेटवर्क (बाहेरची अ‍ॅप, गेम वगैरे) काढून टाका, गेम खेळताना चुकून बोट लागलेले क्लिक तिथूनच येतात.

लिंक्डइन सोडा. क्लिक महाग पडतो, ऑफिसची जागा भाड्याने द्यायची असती तर म्हटलं असतं बघा. पैसेवाले तिथे असतात हे खरं पण ते तिथे नोकरी बघायला आलेले असतात, दापोली बघायला नाही. यूट्यूब चांगलं, पण जाहिरात म्हणून नंतर करा, आधी प्लॉटवर उभं राहून सात-आठ मिनिटांचा साधा व्हिडिओ टाकून ठेवा, फोनवर बोलून झालं की त्याच माणसाला ती लिंक पाठवायची.

तुमच्या १४० नावांचं काय झालं ते सांगतो. मेटाचा जो इन्स्टंट फॉर्म असतो त्यात नाव नंबर आपोआप भरून येतो, माणसाने नुसतं दोनदा टॅप केलं की लीड, म्हणजे इच्छुकाचं नाव-नंबर, तयार, आणि तो नंबर कधीकधी पाच वर्षांपूर्वीचा असतो. फॉर्म बनवताना जास्त संख्या हवी की जास्त इंटरेस्ट असलेले लोक हवेत असं विचारतात, तिथे दुसरा पर्याय घ्या, त्यात शेवटी तपासून कन्फर्म करायची एक पायरी वाढते. शिवाय दोन प्रश्न स्वतःचे टाका, बजेट किती आणि बघायला कधी येणार. लीड धाडकन कमी होतील, घाबरू नका. माझे तिसऱ्या हिश्श्यावर आले पण व्हिजिट वाढल्या. लीड ९० दिवसांच्या आत डाउनलोड करून ठेवा, नंतर मिळत नाहीत.

१५ हजाराचे पाच तुकडे पण करू नका. आठवड्याला साधारण ५० रिझल्ट आल्याशिवाय जाहिरात लर्निंग फेजमधून, म्हणजे कोणाला दाखवायची हे शिकण्याच्या टप्प्यातून, बाहेर येत नाही, तुमच्या बजेटमध्ये एकच कॅम्पेन नीट चालेल. वर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरा, जीएसटी नंबर असेल तर बिलिंगमध्ये भरा म्हणजे क्रेडिट घेता येईल.

हर्णै_रोड
धन्यवाद, हे असं कोणी सांगितलंच नव्हतं. फॉर्मऐवजी डायरेक्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी जाहिरात कशी वाटते? आणि ती हाऊसिंग कॅटेगरी?

एडिसनकर
हाऊसिंगचं मी सांगतो, मी न्यू जर्सीत हेच काम करतो. भेदभावाच्या केसेसनंतर २०१९ मध्ये फेसबुकने इथे समझोता केला, तेव्हापासून घराच्या जाहिरातीला ती कॅटेगरी निवडावी लागते आणि मग आम्हाला वय, स्त्री-पुरुष, पिनकोड असलं काही निवडता येत नाही, जागेभोवतीचं वर्तुळ पण कमीत कमी १५ मैलांचं घ्यावं लागतं. तुमचा कोर्सवाला त्याबद्दल बोलतोय. भारतात बसून भारतातल्याच लोकांना जाहिरात दाखवायची असेल तर त्याची गरज नाही, उगाच निवडलीत तर स्वतःचेच हात बांधून घ्याल.

पण उद्या म्हणाल की अमेरिकेतल्या मराठी लोकांनाही दाखवू, तर मात्र ती लागेल. आणि अजून एक, आमच्यासारख्या एनआरआय लोकांना भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, राहण्यासाठीचं घर किंवा एनए प्लॉट चालतो. तेव्हा जाहिरातीत हौसेने फार्महाऊस हा शब्द टाकू नका, निम्मे लोक तो वाचूनच पुढे जातील आणि उरलेले वकिलाला फोन लावतील.

नियमवाला
प्लॅटफॉर्म कुठलाही घ्या, महारेरा नंबर विसरू नका. प्लॉटिंग ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर प्रोजेक्टचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्याशिवाय जाहिरातच करता येत नाही, सोशल मीडियावरची पण नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रोजेक्टचा क्यूआर कोड पण सक्तीचा आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड, म्हणजे तुमचं तीन महिन्यांचं बजेट गेलं. आता ज्या मोबाईलवर जाहिरात दिसते त्याच मोबाईलने तो कोड स्कॅन कसा करायचा हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण टाकायचा म्हणजे टाकायचा. मी खाली मजकुरात महारेराच्या पानाची लिंक पण देतो, लोक ती दाबून बघतात.

आणि सी टच वगैरे लिहिताना जपून, सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, आहे तिकडे. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.

डोंबिवली_फास्ट
मी एजंट नाही, गिऱ्हाईक आहे, दीड वर्ष कोकणात प्लॉट शोधतोय म्हणून न राहवून लिहितो. तुम्हा लोकांच्या सगळ्या जाहिराती एकसारख्या असतात हो, ड्रोन, समुद्र, मागे बासरी आणि शेवटी किंमतीसाठी संपर्क करा. किंमत सांगितली नाही की मी पुढे सरकतो. मला काय बघायचंय तर प्लॉटपर्यंतचा रस्ता किती फुटी आहे आणि तो सरकारी आहे की कोणाच्या वाडीतून जातो, मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का, एनए ऑर्डर आहे का नुसतं होणार होणार चाललंय, आणि सातबाऱ्यावर नाव एकाचं आहे की अकरा भावंडांचं. हे कोणी रीलमध्ये दाखवलं तर मी रात्री बाराला पण मेसेज करीन.

व्हॉट्सअ‍ॅपचं विचारलंत, मला तेच बरं वाटतं. फॉर्म भरला की सकाळी साडेनऊला फोन येतो, तेव्हा मी लोकलमध्ये एका पायावर उभा असतो, कोण बोलतंय कळत नाही. एकाला फॉर्म भरून दिला तर त्याचा फोन नवव्या दिवशी आला, तोपर्यंत माझा उत्साह पण गेला होता आणि बोनस पण.

सिडको_नाशिक
हे वरचं प्रिंट काढून भिंतीला लावा. व्हॉट्सअ‍ॅपला फक्त एवढंच की लगेच उत्तर देणारा माणूस पाहिजे. तुम्ही दिवसभर साइटवर असाल तर संध्याकाळचं कोण बघणार?

हर्णै_रोड
मुरुडला खाली उतरलं की रेंजच जाते, त्यामुळे बायकोने घ्यायचं ठरलंय, तिला प्लॉटची माहिती माझ्यापेक्षा जास्त आहे. तर असं करतो, व्हॉट्सअ‍ॅपची एकच कॅम्पेन, ठाणे ते बदलापूर आणि पुणे, लोकेशन हाताने टाकतो. रील भाचा काढेल पण रस्त्यावरून चालत, किंमत पहिल्या पाच सेकंदात. लिंक्डइन रद्द. गणपतीच्या तीन आठवडे आधी चालू करतो, चाकरमानी येतातच तर त्याच फेरीत प्लॉट दाखवून होईल.

डोंबिवली_फास्ट
विहीर पण दाखवा. आणि आमच्या बजेटमध्ये काही असेल तर इथेच मेसेज करा, जाहिरातीचे पैसे वाचतील तुमचे.

हर्णै_रोड
केलाय बघा. प्लॉट साडेपाच गुंठे, सातबाऱ्यावर एकच नाव.