मदत हवी आहे : श्रीलिपीतील जुन्या फाइली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात?

नमस्कार. आमच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळाचे काम गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आले आहे. जुनी परिपत्रके आणि कर्जाचे अर्ज अशा सुमारे ३०० वर्ड फाइली युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात नसून श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, वेगळ्या संकेताच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असल्याने त्यांतील मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की निरर्थक रोमन अक्षरे उमटतात, आणि पीडीएफ चढवली तर तिच्यात मराठी शब्द शोधता येत नाही. एका फुकट कन्व्हर्टरने रफार सरकवून ‘कर्ज’चे ‘कजर्’ केले. पतसंस्थेत नेमका हाच शब्द बिघडावा! तक्त्यांचे तर विचारूच नका. रफार जागेवर ठेवून सगळ्या फाइलींचे एकगठ्ठा रूपांतर करणारे साधन कोणी स्वतः वापरले आहे का? फाइलींत सभासदांची नावे असल्यामुळे ते इंटरनेटशिवाय चालणारे असावे.