डिस्नेच्या सिनेमांतला सगळ्यात खटकलेला प्रसंग कुठला? (गच्चीवर पोरांना दाखवायचंय)

इंदिरानगरची आजी:

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मे महिन्यात दर शनिवारी पोरांना सिनेमा दाखवतो. पांढरी चादर, खालच्या मजल्यावरच्या मुलाचा प्रोजेक्टर, खाली सतरंज्या. कुठला लावायचा हे मी ठरवते, कारण दुपारी मोकळी असणारी मीच. यंदा डिस्नेचे जुने चित्रसिनेमे घ्यायचे ठरवलं.

मागच्या शनिवारी 'पिनोकियो' लावला, १९४० चा. इंग्रजीच होता, म्हणून मध्ये मध्ये मी मराठीत सांगत होते. लाकडी बाहुला, त्याला घडवणारा म्हातारा, सगळं छान चाललं होतं. मग ते बेट आलं. एक जाडा गाडीवान वात्रट पोरांना गाडीत घालून तिथे नेतो. हवं ते खा, सिगार ओढा, काचा फोडा, कोणी रागावणार नाही. आणि रात्री पोरांची गाढवं होतात. लॅम्पविक नावाचा पोरगा पिनोकियोबरोबर बिलियर्ड खेळता खेळता बदलतो. आधी कान, मग शेपूट, मग भिंतीवर नुसती सावली, आणि "आई" म्हणून मारलेल्या हाकेचं शेवटी गाढवाचं ओरडणं होतं. पोरं चिडीचूप. त्याला माझी हरकत नाही. आम्हालाही लहानपणी बागुलबुवा होता, त्याने काही बिघडलं नाही.

खटकलं ते पुढचं. ज्या गाढवांना अजून बोलता येतं त्यांना बाजूला काढतात. त्यातलं एक एवढंसं पिल्लू आईकडे जायचंय म्हणून रडतं. बाकीची खोक्यांत भरून मिठाच्या खाणीत आणि सर्कशीत विकायला काढतात. पिनोकियो कान-शेपटीसकट समुद्रात उडी मारतो, सुटतो, आणि पुढे त्या पोरांचं कोणी नावही काढत नाही. गाडीवानाला कोणी धरत नाही. देवमाशाच्या पोटात बाप सापडतो, बाहुल्याचा खरा मुलगा होतो, घरात नाचगाणं, समाप्त. दिवे लावले तर दुसरीतली एक मुलगी विचारते, "आजी, ती बाकीची मुलं घरी कधी गेली?" मी चिवड्याचा डबा पुढे केला.

रडू आणणारे प्रसंग मी विचारत नाहीये. 'द लायन किंग'मधला मुफासा मरतो तेव्हा मी अजूनही पदर शोधते, पण तो प्रसंग मी कधी पुढे ढकलणार नाही. त्या मरणाचं ओझं त्याचा मुलगा सिम्बा शेवटपर्यंत वागवतो. मला हवेत ते प्रसंग, जिथे सिनेमाने एखाद्याला वाऱ्यावर सोडलं आणि मागे वळून पाहिलं नाही. शनिवारी 'डम्बो' की 'बॅम्बी' ते ठरवायचंय, तर जरा लवकर सांगा.

निफाडची सून:

काकू, मग 'बॅम्बी' (१९४२) तुमच्याच यादीत जाईल. सगळे म्हणतात आई मरते तो प्रसंग वाईट. आई मरताना दिसतच नाही, बर्फात पळताना नुसता गोळीचा आवाज येतो. हरणाचं पिल्लू हाका मारत फिरतं, मोठा हरीण येऊन सांगतो की तुझी आई आता तुझ्याजवळ राहू शकत नाही, आणि दोघं बर्फात निघून जातात. इथपर्यंत हात जोडते. पण लगेच पुढच्या क्षणी वसंत, फुलं, पक्ष्यांचं किलबिल गाणं! आवंढा गिळायलाही उसंत नाही.

आमच्या मुलाचा प्रश्न तर वेगळाच होता. आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. वनखातं ती क्रेटमध्ये ठेवून शेतातच परत ठेवतं, कॅमेरा लावतं, रात्री मादी येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. हे त्याने मोबाइलवर पाहिलंय. तो म्हणाला, "यांच्याकडे फॉरेस्टवाले नव्हते का?"

जुन्या पुस्तकांचा किडा:

आजी, तुमच्या गाढवांचा हिशेब मूळ पुस्तकात आहे. कार्लो कोलोडीचं इटालियन पुस्तक, १८८३ चं. त्यात बापासाठी पेलाभर दूध मिळावं म्हणून पिनोकियो शेवटी एका शेतकऱ्याकडे रहाट ओढायला लागतो. हे काम आधी एक गाढव करत असतं. ते गोठ्यात शेवटच्या घटका मोजत पडलेलं असतं. पिनोकियो त्याला विचारतो तू कोण, आणि तो जुना मित्र लॅम्पविकच निघतो. तिथेच मरतो. म्हणजे एका मुलाला नाव मिळालं, जागा मिळाली, त्याच्यासाठी रडणारं कोणी मिळालं. स्टुडिओने पोरांना फसवून नेणं ठेवलं, गाढवं ठेवली आणि गोठा गाळला. मला हा गाळलेला गोठा त्या सावलीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

बॅम्बीबद्दल मात्र निफाडच्या ताईंशी सहमत नाही. लहान मुलं तशीच असतात. घरात माणूस गेलेलं असतं आणि ती अंगणात लगोरी मांडतात. वसंत आला म्हणून मी सिनेमावर रागावणार नाही.

निफाडची सून:

मुलं लगोरी मांडतात हे खरं, पण रात्री झोपताना विचारतात ना? बॅम्बी पुढे एकदाही आईची आठवण काढत नाही.

मंडपवाला पंचवटी:

काकू, 'डम्बो' लावणार असाल तर आधी माझं ऐका. आमचा मंडपाचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्रामला आमच्या पोरांनी मंडप टाकलेत, त्यामुळे तंबू कसा उभा राहतो ते मला कोणी शिकवू नये.

'डम्बो'मध्ये (१९४१) रात्री धो धो पावसात सर्कशीचा तंबू उभा करतात. चित्रकाम एक नंबर, बरं का. खुंट्यांवर तालात पडणारे घण, खांब ओढणारे हत्ती, वाऱ्यात फडफडत वर चढणारं ओलं कापड, सगळं बरोबर. ओलं कापड किती जड होतं ते उचलल्याशिवाय कळत नाही, आणि काढणाऱ्याने ते कुठेतरी नीट पाहिलेलं असणार. पण खुंट्या ठोकणारे सगळे काळे मजूर, आणि एकालाही चेहरा नाही. डोळे, नाक, काही काढलेलंच नाही! हत्तिणींना चेहरे आहेत, उंदराला आहे, अहो आगगाडीच्या इंजिनाला पण आहे. आणि त्यांच्या तोंडी गाणं काय? आम्ही लिहायला-वाचायला शिकलो नाही, मरेस्तोवर राबतो, पगार हातात आला की उधळून टाकतो, तरी मजेत आहोत.

आमच्याकडची पोरं बहुतेक पेठ-सुरगाण्याची. पगार कुठे उधळतात म्हणाल तर भाताचं बियाणं आणि पोरांच्या वह्या. शनिवारी पगार झाला की पहिला फोन घरी. ते गाणं पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गोडाऊनमध्ये जाऊन बसलो होतो.

लोक याच सिनेमातल्या कावळ्यांबद्दल बोलतात, तेही खरं आहे. म्होरक्या कावळ्याचं नाव ठेवलं जिम क्रो, आणि अमेरिकेत काळ्या लोकांना वेगळं ठेवणारे कायदे याच नावाने ओळखले जात. त्याला आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या नटाचा, तोच तुमच्या पिनोकियोतल्या रातकिड्याचा आवाज. पण निदान ते कावळे डम्बोला, म्हणजे हत्तीच्या पिल्लाला, उडायला मदत करतात, हसले म्हणून वरमतात. म्हणजे सिनेमा त्यांना माणसात तरी धरतो. तंबूवाले सकाळ झाल्यावर गायब.

अजून एक. त्याच सिनेमात विदूषक मालकाकडे पगारवाढ मागायला निघतात आणि त्यांची टिंगल केलीय. मे १९४१ मध्ये डिस्नेच्याच चित्रकारांनी संप केला होता, या सिनेमाचं काम चालू असताना. आता ते विदूषक पुन्हा बघा.

डिस्ने प्लसने २०२१ मध्ये हा सिनेमा लहान मुलांच्या प्रोफाइलवरून काढला. मोठ्यांच्या खात्यावर तेव्हा सुरुवातीला सूचना यायची.

नोत्र दामचा दुखावलेला:

'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम', १९९६. पॅरिस जळतंय आणि दगडी पुतळे विनोदी गाणं म्हणतायत. त्याच सिनेमात न्यायाधीशाचं आगीसमोरचं गाणं आहे, डिस्नेने त्याहून धाडसी काही केलं नसेल, आणि त्याच्या शेजारी हे! पुतळ्यांची नावं व्हिक्टर आणि ह्यूगो ठेवून वर मूळ कादंबरीच्या लेखकाची, व्हिक्टर ह्यूगोची, थट्टा. मला एवढंच बोलायचं होतं.

पाणथळ:

तुम्ही सगळे काढलेल्या चित्रांवर भांडताय. डिस्नेचा माझ्या मते सगळ्यात वाईट प्रसंग खऱ्या जिवांचा आहे. 'व्हाइट वाइल्डरनेस', १९५८, निसर्गपट. लेमिंग म्हणजे उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले उंदराएवढे प्राणी. निवेदक सांगतो की ते कळपाने धावत सुटतात आणि कड्यावरून समुद्रात उड्या घेतात. पडद्यावर तसंच दिसतं. चित्रीकरण झालं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, जिथे समुद्र नाही. लेमिंग मॅनिटोबातून विकत आणलेले. बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर थोड्याच प्राण्यांना पळवून कळपाचा भास केला, आणि मग त्यांना कड्यावरून खाली नदीत लोटलं. या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. १९८२ मध्ये कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने हे बाहेर काढलं. खरे लेमिंग संख्या वाढली की जागा बदलतात, वाटेत पाणी ओलांडताना काही बुडतात, इतकंच. पण 'लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात' हे लोक आजही ठामपणे सांगतात.

मी हिवाळ्यात लोकांना नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवायला नेतो. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण. तिथे मोठी लेन्स गळ्यात अडकवलेला माणूस बदकांच्या थव्याकडे खडा भिरकावतो, का, तर उडताना फोटो चांगला येतो. मी त्याला लेमिंगची गोष्ट सांगतो. काही जण खडा खाली टाकतात. काही जण मला विचारतात, "पण मग ऑस्कर परत घेतलं का?"

आजी, हा मुलांना दाखवायचा नाही. मोठ्यांना दाखवा, सोसायटीच्या मीटिंगनंतर.

इंदिरानगरची आजी:

पुस्तकवाले, तो गोठा मी त्या मुलीला सांगितला. तिला तो सिनेमाच्या शेवटापेक्षा बरा वाटला. फक्त गाढव मरायला नको होतं म्हणाली, आणि बाकीच्यांचं काय, हे तिने परत विचारलंच.

'बॅम्बी' पुढच्या वर्षी बघू, त्यावरून तुम्हा दोघांचं आधी मिटू दे. पाणथळ, आमची मीटिंग म्हणजे पाण्याच्या टँकरवरून भांडण, त्यानंतर लेमिंग नको.

मंडपवाले दादा, तुमचं वाचून मी तो तंबूचा भाग मोबाइलवर परत पाहिला. लहानपणापासून पाहत आलेय आणि चेहरे नाहीत हे मला कधी दिसलं नव्हतं. तुम्ही सांगा, तेवढा भाग पळवू का? की 'डम्बो'च रद्द करू? मुलांनी हत्तीचं पिल्लू बघायचा हट्ट धरलाय, आणि पिंजऱ्यातली आई गजांतून सोंड काढून त्याला झुलवते ते तर मलाच बघायचंय.

मंडपवाला पंचवटी:

रद्द नका करू, आणि पळवू तर अजिबात नका. तेवढाच भाग उडवला तर तंबू आपोआप उभा राहिला असंच वाटेल पोरांना. तिथे थांबवा आणि विचारा, यातलं काय काढायचं राहिलंय? मोठी माणसं कावळ्यांवर जातील, पोरं बरोबर सांगतील.

या शनिवारी लग्नाचा मुहूर्त नाही, म्हणजे आम्ही रिकामे. चालत असेल तर आमच्याकडच्या एका कारागिराला घेऊन येतो, सुरगाण्याचा आहे, वीसेक वर्षं हेच काम करतोय. गच्चीवर खुंटी ठोकता येणार नाही, पण खाली पार्किंगच्या बाजूला माती असेल तर छोटी कनात उभी करून दाखवेल, खुंटी किती तिरकी ठोकायची, दोर कसा ताणायचा. सातच्या आत यावं लागेल, उजेड पाहिजे. माती आहे का तेवढं कळवा.