व्हीएमच्या मेमरी मर्यादा नोंदवहीत कशा लिहायच्या? (केव्हीएम, लिबव्हर्ट)

हिंजवडी_ऑप्स:
64 जीबी रॅमचा एक केव्हीएम होस्ट (लिनक्सवर आभासी मशीन चालवणारा सर्व्हर) आहे, त्यावर 9 व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. नोंदवहीत प्रत्येकीपुढे 'रॅम' एवढा एकच रकाना. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार होती म्हणून सगळ्या व्हीएम रीतसर बंद केल्या. संध्याकाळी चालू केल्यावर डेटाबेसची व्हीएम रडतखडत चालायला लागली. नोंदवही म्हणते 8 जीबी. 'व्हर्श डॉमइन्फो' (लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाची कमांड) म्हणतं मॅक्स मेमरी 8388608 केआयबी (1 केआयबी म्हणजे 1024 बाइट), यूज्ड मेमरी 4194304 केआयबी. यातलं खरं कुठलं, आणि नोंदीत काय लिहू?

कोथरूडचा_सिसअॅडमिन:
दोन्ही खरे आहेत, कारण त्या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. मॅक्स मेमरी म्हणजे कमाल, बलून (चालू व्हीएमची मेमरी कमी-जास्त करणारी यंत्रणा) त्याच्या वर जात नाही. यूज्ड मेमरी म्हणजे बलूनने सध्या व्हीएमच्या हाती दिलेली मेमरी. गेस्ट (व्हीएमच्या आतली सिस्टीम) प्रत्यक्षात किती वापरतोय याच्याशी तिचा संबंध नाही. नावच फसवं आहे.

बहुधा कुणीतरी 'सेटमेम' (बलूनची मेमरी बदलायची कमांड) फक्त '--लाइव्ह' लावून चालवलं होतं. ते चालू व्हीएमपुरतंच असतं. साठवलेल्या एक्सएमएलमध्ये (व्हीएमच्या मांडणीच्या फाइलमध्ये) 'करंटमेमरी' 4 जीआयबीच (1024 च्या हिशेबाने मोजलेले जीबी) राहिली, आणि व्हीएम बंद होऊन सुरू झाली तशी तीच लागू झाली. '--लाइव्ह --कॉन्फिग' दोन्ही द्या.

आकड्यापुढे एकक लिहायला विसरू नका. 'सेटमेम' नुसता आकडा केआयबी धरतं. 8192 लिहिलंत तर 8 जीआयबी नव्हे, 8 एमआयबी होतात आणि चालू गेस्टचा जीव जातो. नोंदवहीतही 'जीबी' नको. लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये 8 जीबी म्हणजे 7812500 केआयबी, 8 जीआयबी म्हणजे 8388608. फरक जवळपास 563 एमआयबीचा.

या व्हीएममध्ये आता तफावत दिसणार नाही, चालू व्हीएम आणि साठवलेलं एक्सएमएल, दोन्हीकडे 4 झालं आहे. पण बंद करून पुन्हा उघडल्यावर कुणी 'सेटमेम' चालवलं असेल, तर बाकीच्यांत सापडेल. प्रत्येकीचा 'डंपएक्सएमएल' एकदा नुसता (चालू स्थिती) आणि एकदा '--इनअॅक्टिव्ह' लावून (साठवलेली) काढा, दोन्ही ताडून पाहा. पुढच्या गुरुवारच्या आत उरकून टाका.

रात्रपाळी:
तिसरी मर्यादा राहिली: एक्सएमएलच्या 'मेमट्यून' भागातली हार्ड लिमिट. ती गेस्टवर नसून होस्टवरच्या अख्ख्या क्यूईएमयू प्रोसेसवर (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामवर) असते. त्यात गेस्टची रॅम आली, शिवाय व्हिडिओ मेमरी, डिस्कच्या कामाला लागणारे बफर हेही आले. 8 जीआयबीच्या व्हीएमला हार्ड लिमिटही 8 दिली, तर कधीतरी भर कामात ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) ती प्रोसेस मारतो. गेस्टच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही, प्लग उपटल्यासारखी व्हीएम जाते. पुरावा होस्टच्या 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) असतो. वरखर्च किती येईल याचा अंदाज अवघड, म्हणून लिबव्हर्टच्या कागदपत्रांतही ती लावू नका असाच सल्ला आहे. अपवाद मेमरी लॉक केलेल्या (होस्टने स्वॅप करू नये अशा) व्हीएमचा, तिथे ती द्यावी लागते.

नसली तरी रकाना ठेवा आणि 'नाही' असं स्पष्ट लिहा. रिकामा रकाना पाहून नव्या माणसाला ती नाही की तपासलीच नाही, हे कळत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना 'कारण'. एक ओळ अशी:

डीबी-1 | कमाल 8 जीआयबी | सुरू होताना 8 जीआयबी | हार्ड लिमिट नाही | कारण: पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर 2 जीआयबी, बलून 6 च्या खाली नेऊ नये | कुठल्या कमांडने, कोणत्या तारखेला तपासलं

व्हीएमवेअरवाली:
केव्हीएमऐवजी ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा होस्ट) असेल तर रिझर्व्हेशन (हमखास मिळणारी रॅम) आणि लिमिट यांना वेगळे रकाने द्या. व्हीएम 8 ची आणि लिमिट 4 ची असेल, तर गेस्टला 8 च दिसतात. वरची गरज बलूनिंग आणि स्वॅपवर (डिस्कवर मेमरी हलवून) भागवली जाते, होस्टवर रॅम मोकळी पडलेली असली तरी. अशी लिमिट टेम्प्लेटमधून नकळत नव्या व्हीएममध्ये उतरते.

हिंजवडी_ऑप्स:
ताडून पाहिलं. आणखी एका व्हीएममध्ये तफावत होती, दुरुस्त केली. एका व्हीएमची कमाल 8 वरून 12 करायची आहे. बंद करावी लागेल का?

कोथरूडचा_सिसअॅडमिन:
हो. 'सेटमॅक्समेम नाव 12जी --कॉन्फिग' ('नाव'च्या जागी व्हीएमचं नाव), मग 'सेटमेम'ही '--कॉन्फिग' लावून. त्यानंतर 'व्हर्श शटडाउन', पूर्ण बंद झाल्यावर 'स्टार्ट'. गेस्टच्या आतून रीबूट करून भागत नाही, क्यूईएमयूची जुनी प्रोसेस तशीच चालू राहते. तोवर नोंदीत 'कमाल 12, लागू नाही' असं लिहून ठेवा.