डान्सवर पेपर लिहायचाय, भरवशाचे सोर्स कुठे मिळतील?

सर्च केलं की नुसते ब्लॉग नि व्हिडिओच येतात, गाईड म्हणतात हे चालणार नाही. सुरुवात कुठून करू?

— आधी लायब्ररीतल्या कपाटापाशी जा. ड्यूई नंबरात (पुस्तकं विषयवार लावायची पद्धत) बॅलेसारखं रंगमंचावरचं नृत्य ७९२.८ ला आणि लोकनृत्य ७९३.३ ला, त्यामुळे एकच कपाट बघून परत आलीस तर अर्धी पुस्तकं राहूनच जातात. आणि चांगलं पुस्तक सापडलं ना, की मागची संदर्भसूची आधी वाच, खरा खजिना तिथेच असतो!

— जेस्टोरवर (अभ्यासाच्या जर्नल्सचा ऑनलाइन साठा) 'डान्स रिसर्च जर्नल' बघ, पिअर रिव्ह्यूड आहे, म्हणजे छापण्याआधी त्या विषयातले तज्ज्ञ लेख तपासतात. लॉगिन कॉलेजच्या लायब्ररीत विचार.

— व्हिडिओ सरसकट बाद करू नकोस गं, नाच कागदावर पूर्ण उतरतच नाही. फक्त कोणाचा, कधीचा, कुठे जपलाय ते कळायला हवं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा जेरोम रॉबिन्स डान्स विभाग त्यासाठी बेस्ट, कॅटलॉग ऑनलाइन आहे.