खमणात लाल ठिपके का पडतात? बेसनात भेसळ असेल का?

बडोदेकर_सूनबाई:
नमस्कार मंडळी, मी दांडिया बाजारात राहते, घरी नेहमी नायलॉन खमण करते पण हल्ली वाफवून काढलं की मधेमधे लालसर ठिपके दिसतायत, पीठ कालवताना तर छान पिवळंधमक असतं. सासूबाई म्हणतात बेसनात रंग मिसळलाय, दुकान बदल. मी बेसन, हळद, लिंबाचं फूल, मीठ, साखर आणि अगदी शेवटी खायचा सोडा घालते, बाकी काही नाही. मुलं डब्यात नेतात म्हणून विचारतेय, खाल्लं तर चालेल ना?

खारवाला:
ताई बिनधास्त खा, फक्त ठिपक्यापाशी सोड्याची खारट-कडवट चव लागेल. हळदीतलं कर्क्युमिन आंबटात पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं, कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच हे. आता वाफवल्यावरच का दिसतं? खायच्या सोड्याचं पाणी सौम्य असतं, पीएच (आंबट-अल्कलीचं माप, 7 च्या वर अल्कली) 8.3 च्या आसपास, त्यात हळद फार बदलत नाही. पण सोड्याची गुठळी राहिली, लिंबाचं फूल तिथपर्यंत पोचलंच नाही, आणि वर वाफ लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जातं आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं म्हणजे चक्क धुण्याचा सोडा, त्याचा पीएच 11 च्या वर जातो. तिथे हळद लाल होणारच! ठिपक्यावर लिंबू पिळून बघा.

बडोदेकर_सूनबाई:
पिळलं, आणि बघता बघता पिवळे झाले की!! पण मग भेसळीचं काय, सासूबाई अजून ऐकत नाहीयेत 🙏

खारवाला:
भेसळीत सापडणारा मेटॅनिल यलो नावाचा रंग बरोब्बर उलटा वागतो, तो तीव्र आम्लात गुलाबी-जांभळा होतो आणि सोड्यात पिवळाच राहतो. म्हणजे सोड्याने लाल झालं ही तुमच्या हळदीची खूण आहे, रंगाची नव्हे. सासूबाईंना एवढं सांगा, दुकानदारावर उगाच आळ नको.

रावपुरा_किचन:
प्रमाण पण बघा हं. 3 ग्रॅम लिंबाच्या फुलाला जवळपास 4 ग्रॅम सोडा पुरतो, त्याच्यावर घातलेला सोडा नुसता शिल्लक राहतो, खमण जास्त फुगेल म्हणून चमचा वाढवायचा मोह होतो तिथेच गडबड होते. सोडा चाळून घ्या किंवा चमचाभर पाण्यात विरघळवून घाला, एकाच दिशेने भरभर फेटा आणि लगेच कुकरात ठेवा, गॅस पिठात अडकलाय तोवरच वाफ लागली पाहिजे. आणि शिल्लक सोड्याने डाळीतलं बी1 जीवनसत्त्व पण नासतं, ते मला जास्त खटकतं.

अकरावी_सायन्स:
काका एक डाउट, बेसनात एवढं प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लं ना, मग ती सोड्याला का नाही मारत, लिंबाचं फूल वेगळं कशाला लागतं?

खारवाला:
छान विचारलंस बेटा. प्रोटीनमध्ये ती सुटी नसतात, एकाचं आम्लाचं टोक दुसऱ्याच्या अमिनो टोकाला जोडलेलं असतं त्यामुळे बहुतेक टोकं आधीच गुंतलेली. आणि सुटं अमिनो आम्ल घेतलंस तरी एकाच रेणूत आम्ल पण आहे आणि बेस पण आहे, आम्ल आपला प्रोटॉन स्वतःच्याच अमिनो टोकाला देऊन बसतं, बाहेर द्यायला फारसं काही उरत नाही. ग्लायसीन तर जिभेला चक्क गोड लागतं. ग्लुटामिक आम्लाला मात्र आम्लाचं एक टोक जास्तीचं असतं, त्याचाच सोडियमवाला क्षार म्हणजे चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो. हरभऱ्याच्या डाळीत लायसीन हे अमिनो आम्ल भरपूर पण मेथिओनीन हे दुसरं कमी, तांदळात त्याच्या उलट, म्हणून डाळ-तांदळाचा खाटा ढोकळा डब्यासाठी नायलॉन खमणापेक्षा सरस आहे असं माझं मत, शिवाय तो रात्रभर आंबतो तेव्हा लॅक्टिक आम्ल पिठातच तयार होतं, सोडा चिमूटभरच लागतो.