मदत हवी आहे: ओव्हरलोड गाडी नेण्याची सक्ती, आप्पांचं लायसन्स मालकाकडे (निपाणी)

नमस्कार. आप्पांसाठी विचारतेय. बावीस वर्षं स्टेअरिंगवर आहेत, आम्ही निपाणीजवळच्या खेड्यातले. सध्या एका मालकाची दहाटायर चालवतात, बेळगाव भागातल्या क्रशरवरून खडी आणि एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) भरून कोल्हापूरकडे. गाडीचं पासिंग, म्हणजे गाडीसकट मंजूर वजन, एकूण २८.५ टन. मागच्या मंगळवारची काटा पावती माझ्या हातात आहे: ३५.५ टन. आप्पा "एवढं नको" म्हणाले तर मालक म्हणतो, "जमत नसेल तर किल्ली ठेव, दुसरा बसवतो." तवंदी घाट उतरताना ब्रेक तापून वास सुटतो, हे आप्पांनी घरात कधी सांगितलं नाही. क्लीनरच्या आईकडून कळलं.

दोन चलनांचे पैसे पगारातून कापले, वर दीड महिन्याचा पगार अडकलाय. कामाला लागताना लायसन्स झेरॉक्सला म्हणून घेतलं, ते आजतागायत परत नाही.

आणि आता नवीनच. मालकाची दुसरी सहाटायर गोव्याकडून चोर्ला घाटानं येते. तिच्यावर जा म्हणतोय. वर भाजीचे क्रेट, खाली काही खोकी, बिल नाही. "खोक्यात काय आहे ते तुला कशाला?" आप्पांनी पोट दुखतंय सांगून सुट्टी मारली. पोट तरी किती दिवस दुखणार?

पकडलं तर कोणावर येतं? लायसन्स कसं सोडवायचं? आणि तक्रार केली तर या पट्ट्यात परत कोण कामावर ठेवेल?

— निपाणीची लेक

---

ताई, आधी खोक्यांचं बोलतो, कारण ओव्हरलोड पैशांवर भागतं, हे भागत नाही. चोर्ल्याच्या वाटेवरच्या कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीवाल्यांनी ताडपत्री उचलली की मालक फोन उचलत नाही. मी हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत पाहिलंय. गाडी गेली, तो आत गेला, आणि मालकानं "ड्रायव्हरनं परस्पर भरलं" असा जबाब दिला. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती), बिल आणि ५० हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक कागद), हे हातात आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, तो आपल्याच गाडीचा आहे का ते पण बघा.

पोट दुखण्याचं नाटक मात्र बंद करा. उद्या तोच म्हणेल, माणूस कामचुकार आहे.

— घाटातला

---

मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या अलीकडे पलीकडे कलम एकच. ओव्हरलोडला कलम १९४: २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तुमच्या पावतीप्रमाणे ७ टन जादा, म्हणजे ३४,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. आता महत्त्वाचं: हे कलम गाडी चालवणाऱ्याला जसं लागू आहे तसंच चालवायला लावणाऱ्यालाही. आणि कलम ११३ म्हणतं की ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीनं किंवा हुकुमानं झालं असं कोर्ट धरू शकतं. त्यामुळे चलनाचा सगळा बोजा आप्पांच्या पगारावर टाकणं, हे मुकाट्यानं मान्य करू नका.

"काट्यावर थांबू नको, दामट" असं सांगितलं तर ऐकायचं नाही. वजनाला नकार दिला तर ४०,०००, आणि तो नकार देणारा माणूस आप्पा असतील. घाटात ब्रेक गेला, कोणी मेलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (निष्काळजीपणानं मृत्यू) आधी ड्रायव्हरवरच लागतं. ओव्हरलोडवरून लायसन्स निलंबित होऊ शकतं ते वेगळंच.

लायसन्स: मालकाला ते ठेवून घ्यायचा अधिकार नाही. आधी डिजिलॉकरवर (सरकारी ॲपवर) काढा, तपासणीत ते चालतं. मग मूळ प्रत लेखी मागा. पगारासाठी कामगार खात्यात अर्ज. वकील परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, १५१०० वर फोन करा. आप्पांसारख्या कामगाराला फुकट वकील मिळू शकतो.

एक सीमाभागातली गोष्ट. पोलिसांत किंवा अबकारीत कागद कन्नडमध्ये होतो. आप्पांना वाचता येत नसेल तर सोबत वाचणारा न्या, समजल्याशिवाय सही नको. गडबडीत अंगठा देऊन आलेली माणसं मी बघितलीत.

— कोर्टकचेरी

---

कायदा सगळा बरोबर, पण मालक लोकांचं एकमेकांत चालतं हो. नाव खराब झालं की संकेश्वरपासून कागलपर्यंत कोणी गाडी देत नाही. तक्रार करायच्या आधी दुसरी गाडी बघून ठेवा, असं माझं मत. रागावू नका.

— खडीवाला

---

खडीवाला, पटतंय, पण दुसरी गाडी मिळेपर्यंत तवंदी घाट रोज उतरायचाच काय? आणि दुसऱ्या गाडीवर तरी पासिंगवर भरतील याची खात्री कोण देतंय?

ताई, पुरावा जमवा. काटा पावत्यांचे फोटो, मालकाचे व्हॉइस मेसेज. फोन बदलू नका, मूळ मेसेज डिलीट करू नका. आणि नकार तोंडी देऊ नका, मेसेजवर द्या, सरळ शब्दांत.

— कोर्टकचेरी

---

सगळ्यांचे आभार. डिजिलॉकर झालं, आधार लिंक असल्यानं दहा मिनिटांत. आप्पांनी स्वतःचा फोटो बघून "हा कोण म्हातारा?" विचारलं. पावत्या शोधताना सहा मिळाल्या, सगळ्या तेहतीसच्या वर. आई त्या डब्यात दळणाच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवत होती.

कामगार खात्याचा अर्ज मी लिहितेय, सोमवारी तो द्यायला चिक्कोडीला चुलतभाऊ सोबत येतोय, त्याला कन्नड येतं.

काल रात्री आप्पांनी मालकाला मेसेज केला. मी टाईप करते म्हटलं तर नको म्हणाले, स्वतः बोलून पाठवला: "मालक, बिलाशिवाय चोर्ल्याची ट्रिप मी करणार नाही. खडी पासिंगवर भरा, सकाळी सहाला गाडीपाशी हजर आहे. लायसन्स आणि पगार द्या." निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. सहाला गेले, गाडी जागेवर नव्हती.

निपाणी, संकेश्वर, हुक्केरी भागात पासिंगवर चालवणारा मालक कोणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा. दहाटायर, बारा टायर, काहीही चालेल.

— निपाणीची लेक